शिसे आढळले नाही

आमच्या सिंक्रोट्रॉन संस्थेची इमारत गोल आहे. आतल्या नळीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळत असतात आणि कुठंही पोचत नाहीत. वळणावर त्यांच्यातून क्ष-किरण निसटतात, आणि त्या निसटलेल्या किरणांवर आम्हा अडीचशे माणसांचं पोट चालतं. नळीच्या बाहेरून ओळीनं खोल्या आहेत. त्यांतली अकरा नंबरची खोली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. लोक काय वाटेल ते घेऊन येतात. जुन्या चित्राचा पोपडा, माशाचं खवलं, नदीतला गाळ. मी त्यावर किरण सोडतो आणि त्यात कोणतं मूलद्रव्य किती दडलंय ते पडद्यावर उमटतं.

तत्त्व सोपं आहे. माझ्या थोरल्या बहिणीला मी ते एकदा तिच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटांत समजावलं होतं. किरण पडला की प्रत्येक मूलद्रव्य दचकून जागं होतं आणि आपापल्या आवाजात ओरडतं. आवाजावरून आपण ओळखायचं, कोण ते. फक्त जागं करायला लागणारा जोर प्रत्येकाचा वेगळा.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," ताई म्हणाली होती. "पहिल्या हाकेला उठले तर शपथ."

"तसंच समज."

"आणि चुकत नाही का रे कधी, हे तुझं मशीन?"

"ताई, खोटं माणूस बोलतो. मशीन बोलत नाही."

हे मी भेंडी चिरणाऱ्या बाईशी बोलावं तितक्या सहज बोललो. ती भेंडीच चिरत होती.

तिचे 'हे' म्हणजे माझे दाजी. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायच्या कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर होते. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग मनगट खाली लोंबायला लागलं. शर्टाची बटणं ताई लावून देऊ लागली. कारखान्याच्या डॉक्टरनं त्यांना तपासलं, म्हणजे टेबलापलीकडून पाहिलं, आणि कागदावर कारण लिहिलं: मद्यपान. त्या कागदावर त्यांना घरी बसवलं.

दाजी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचून मग झाकण उघडणारा माणूस. त्यांच्यासोबत आणखी अकरा जणांना त्याच आजारानं आणि त्याच कारणानं घरी पाठवलं होतं. बाराही कागदांवर तोच शब्द, त्याच वळणाचा. डॉक्टरांनी शिक्काच करून घेतला असावा.

"नोकरी गेली ती गेली," दाजी म्हणायचे. "तो शब्द तेवढा काढा." तीन वर्षं ते एवढंच म्हणत होते. भेटेल त्याला, आणि कोणी भेटलं नाही तर खिडकीला.

शेवटी एक चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. रक्तातलं शिसं एव्हाना उतरलेलं असणार, म्हणून ठरलं की दात तपासायचे. दातात शिरलेलं शिसं तिथंच बसून राहतं. समिती ते एका साध्या रासायनिक प्रयोगशाळेत पाठवणार होती, जिथं दात आम्लात विरघळवतात आणि आठ दिवसांत आकडा सांगतात.

इथं मी तोंड घातलं. दाजींना म्हणालो, आम्लात विरघळवायचं हे काय गावठी काम! आमच्याकडे दाताचा पातळ काप घेतो, वर्षागणिक थर दिसतात, कोणत्या साली किती शिसं बसलं ते चित्रासारखं दाखवतो. दाजींना हे पटलं. त्यांनी ते बाकीच्या अकरांना पटवलं. 'सिंक्रोट्रॉनचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अंतिम राहील' अशा कागदावर बारा सह्या झाल्या. त्यांतली दाजींची सही ओळखू येत नव्हती, हात असा. त्यांच्या दोन दाढा हलत होत्या. त्यांनी न हलणारी दिली.

"सरकारी कामाला खराब वस्तू कशाला द्यायची?" ते म्हणाले. नमुन्याला नंबर मिळाला सात. तोही त्यांनी सगळ्यांना सांगितला.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण सगळं तिच्यावरच अडलं. शिसं आणि आर्सेनिक यांचे आवाज इतके सारखे आहेत की दोघं एकदम ओरडले तर कोण कोणता ते कळत नाही. माझ्या खोलीचा निम्मा वेळ वनस्पतिशास्त्राच्या एका बाई घेतात. त्यांना झाडांच्या मुळांतलं आर्सेनिक शोधायचं असतं, म्हणून सगळी संस्था त्यांना मुळेवाल्या बाई म्हणते. त्यांच्यासाठी आम्ही किरणांचा जोर बारावर ठेवतो. आर्सेनिकला जागं व्हायला बाराच्या आतलाच जोर पुरतो. शिशाला तेराच्या वर लागतो. बारावर शिसं ढिम्म हलत नाही, आणि बाईंना निवांत आर्सेनिक मोजता येतं. याला आमच्याकडे 'शिसं झोपवणं' म्हणतात. जोर बदलायचा तर आतले स्फटिक फिरवा, थंड होऊ द्या, किरण पुन्हा नेमका आणा, असा अर्धा दिवस जातो. त्यामुळे मी खोलीचा एक छापील तक्ता करून ठेवला होता. कामाआधी काय काय तपासायचं त्याची यादी, आणि प्रत्येकासमोर बरोबरची खूण करायला चौकोन. चौथ्या ओळीत 'किरणांचा जोर' आणि त्यापुढे मीच छापून टाकलं होतं: बारा. दरवेळी कोण लिहीत बसणार.

दातांचं काम मुळांच्या आठवड्याच्या मधोमध आलं, कारण पुढच्या सोमवारपासून यंत्र दीड वर्ष दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. मी संचालकांकडे गेलो आणि प्रामाणिकपणे सांगितलं की बारातले एक माझे दाजी आहेत.

संचालक उभे राहिले. मला वाटलं रागावले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"हल्ली असं सांगतं कोण हो?" ते म्हणाले. "लिहून द्या. आणि त्या दिवशी खोलीच्या आसपास फिरकू नका. नऊ नंबरवाल्याला बसवू."

नऊ नंबरच्या खोलीतला माझा सहकारी प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करतो. त्याला आम्ही स्फटिकच म्हणतो, कारण त्याच्यातून काहीही आरपार दिसतं आणि आत काही नसतं. पण कागदावर लिहिलेलं तो तंतोतंत करतो. बिनचूक माणूस म्हणून त्याचा लौकिक आहे.

त्या दुपारी मी चार पानी निवेदन लिहिलं. फार चांगलं उतरलं. 'प्रस्तुत नमुन्यांच्या मोजणीत, विश्लेषणात अथवा निष्कर्षात मी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही हस्तक्षेप करणार नाही, तसेच त्यावर भविष्यात कोणतेही भाष्य करणार नाही' असं एक वाक्य होतं. 'भविष्यात' हा शब्द संचालकांनी सुचवला नव्हता. मीच घातला. चार पानं लिहिली, पण स्फटिकसाठी एक ओळ लिहिली नाही की बाबा रे, जोर पंधरावर ने. शिसं बघायचं तर तेराच्या वर जायला हवं हे कोणाला सांगावं लागेल, असं मला वाटलंच नाही.

मोजणीच्या दिवशी मी ग्रंथालयात बसून वर्तमानपत्र वाचलं, अगदी निविदांसकट. चार वाजता कँटीनमध्ये स्फटिक चहा घेताना दिसला.

"झालं?" मी विचारलं.

"तू विचारायचं नाहीस आणि मी सांगायचं नाही," तो म्हणाला.

"बरोबर आहे."

आम्ही दोघंही ताठ बसून चहा प्यायलो. इतकं सच्छील मला यापूर्वी फक्त लग्नाच्या फोटोत वाटलं होतं.

अहवाल शुक्रवारी समितीकडे गेला, सोबत बाराही दात मोहोरबंद होऊन परत गेले. शनिवारी सकाळी ताईचा फोन आला.

"धाकट्या, 'आढळले नाही' म्हणजे काय रे?"

"कुठं लिहिलंय?"

"इथं. 'बाराही नमुन्यांत शिसे आढळले नाही.' म्हणजे थोडं सापडलं असं का?"

"दाजी कुठायत?"

"बसलेत. बोलत नाहीयेत."

मी संस्थेत गेलो आणि खोलीतल्या संगणकावर नोंदी उघडल्या. हस्तक्षेप करणार नाही असं लिहून दिलेला माणूस म्हणून उभ्यानंच पाहिल्या. शिशाचा आकडा शून्य होता. कमी असता तर मी हळहळलो असतो. पण शून्य? शिसं रस्त्यावरच्या धुळीत असतं, जुन्या नळाच्या पाण्यात असतं. मुळेवाल्या बाईंच्या दाढेतही चिमूटभर निघेल. आणि बावीस वर्षं शिशाच्या भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दाढेत शून्य? मग वरची ओळ वाचली. किरणांचा जोर: बारा. शेजारी तक्ता होता. चौथ्या ओळीपुढे स्फटिकची बरोबरची खूण, चौकोनाच्या बाहेर जराही न गेलेली.

मी त्याला घरी फोन केला.

"बारावर घेतलंस?"

"तक्त्यात बारा होतं."

"अरे, बारावर शिसं दिसतच नाही!"

"ते तू तक्त्यात लिहायला हवं होतंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता. "माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांग."

त्याच्याकडून काहीच राहिलं नव्हतं.

सोमवारी यंत्र बंद झालं. इलेक्ट्रॉन पळायचे थांबले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा इमारतीत माणसांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. मी संचालकांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग अहवाल उघडून बोट ठेवलं.

"यातलं कोणतं वाक्य खोटं आहे?"

"साहेब, आपण डोळे मिटून बघितलं."

"पण बघितलं. आणि आढळलं नाही. 'शिसे नाही' असं कुठं म्हटलंय आपण? 'आढळले नाही' म्हटलंय. भाषा अचूक आहे."

"भाषा अचूक आहे, मोजणी चुकलीय. तक्ता माझा होता. तसं मी लिहून देतो."

"तुम्ही?" त्यांनी ड्रॉवरमधून माझी चार पानं काढली. तिसऱ्या पानावर 'भविष्यात' या शब्दाखाली पेन्सिलीनं हलकी रेघ मारलेली होती. म्हणजे हा विचार त्यांच्या मनात माझ्याआधीच येऊन गेला होता. "हे अहवालाला जोडलंय. आता नातेवाईकच उठून म्हणाला की निष्कर्ष चुकला, तर लोक काय समजतील? दीड वर्षानं यंत्र सुरू होईल, तेव्हा बघू. आत्ता दुरुस्तीच्या मंजुरीचा प्रश्न आहे. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला परवानगी मिळते. चुकलेलं यंत्र लोक बंदच करतात."

तरीही मी समितीपुढे गेलो. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. मी त्यांना मूलद्रव्यांची झोप, जोर, आवाज, सगळं सांगितलं. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

"तुम्ही सातव्या अर्जदाराचे कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मेहुणा."

"आणि हे यंत्र सर्वोत्तम आहे, साध्या प्रयोगशाळेची गरज नाही, हे अर्जदारांना कोणी सांगितलं?"

"मीच."

"चूक कोणाची म्हणता?"

"माझीच."

ते लेखनिकाकडे वळले. "नातेवाइकाचे म्हणणे ऐकले, असं लिहा." मग मला म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो."

बाहेर बाकीचे अकरा अर्जदार उभे होते. त्यांतला एक, दाजींचा भट्टीवरचा जोडीदार, मला पाहून दुसऱ्याला म्हणाला, "मी घ्यायचो कधीमधी, खोटं कशाला बोलू. पण हे सगळेच घ्यायचे, हे मला माहीत नव्हतं." दुसरा म्हणाला, "मलाही नव्हतं." आणि ते एकमेकांपासून थोडे सरकून उभे राहिले. 'मद्यपान' हा शब्द कायम झाला. आता त्याखाली आमच्या संस्थेचा गोल शिक्का होता.

मला वाटलं, निदान घरात तरी खरं काय ते सांगता येईल. पुढच्या रविवारी गेलो. ताईनं चहा ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "एक विचारू? हे प्यायचे का रे?"

"ताई!"

"नाही, तू म्हणाला होतास ना, मशीन खोटं बोलत नाही."

मी पुन्हा सगळं समजावलं. पाच मिनिटांत नाही, पाऊण तास. बारा, तेरा, तक्ता, चौथी ओळ. ओट्यावर तिखटमिठाचे डबे मांडून दाखवलं. तिनं नीट ऐकलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"भाऊ आहेस माझा. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. कळतं मला."

दाजी मागच्या जिन्यावर उन्हाला बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"मागची बावीस वर्षं उकरून काढतेय ती," ते म्हणाले. "अमक्या साली बस चुकली म्हणालात, ती खरंच चुकली होती का? तमक्या वेळी डोकं दुखतंय म्हणून झोपलात, ते कशानं? काल माझ्या मालिशच्या तेलाच्या बाटलीचा वास घेत होती."

"मी पुन्हा बोलतो तिच्याशी."

"तू नको आता बोलूस. फार बोललास." हे ते रागावून म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "असं कर, तू मला एक शिकव. पिणारा नवरा तिला चालेल, इतक्या बायकांना चालतो. खोटं बोलणारा नाही चालायचा. तेव्हा मी कबूल करून टाकतो."

"पण तुम्ही थेंबही घेतलेला नाही!"

"ते तुला माहीत आणि मला माहीत. त्यानं काय भागलं? नाव सांग एखादं. काय प्यायचो म्हणून सांगू?"

जिन्याखाली कोणी तरी सायकल धूत होतं.

"रम," मी म्हणालो.

"कशी लागते?"

"गोडसर. मग घशात जळजळ."

"किती प्यायची असते?"

"दोन पेग म्हणा."

"पेग म्हणजे किती?"

मी दोन बोटं आडवी धरून दाखवली. त्यांनी उजवा हात उचलून तसंच करायचा प्रयत्न केला. मनगट लोंबलं, बोटं फाकली, आणि माप जवळजवळ तांब्याएवढं झालं.

"एवढी नाही, दाजी. एवढ्यात माणूस मरेल."

"मग बोटं नको. तोंडीच सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी आत जाऊन ताईला सांगितलं. मी मुद्दाम थांबलो नव्हतो, पण निघायला जमलं नाही. ताई खाली बसली. किती वर्षं, विचारलं तिनं. सहा, दाजी म्हणाले. कोणाबरोबर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. "एकटाच," ते म्हणाले. ताई थोडी रडली, मग एकदम हलकी झाली. इतकी हलकी मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती.

"मला आधी सांगितलं असतंत तर काय खाल्लं असतं का मी तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि तू रे! यांना झाकायला केवढं रचलंस. डबे काय मांडलेस, शिसं काय झोपवलंस!" ती हसायला लागली. दाजीही हसले. मग मीही.

तिनं त्यांच्याकडून शपथ घेतली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा पिणार नाही असं म्हणाले. हात थरथरत होता. तिनं तो दोन्ही हातांत धरून स्थिर केला. "थांबेल हळूहळू," ती म्हणाली. "सोडलीय ना आता."

शिसं हाडांतून इतक्या लवकर उतरत नाही. दहा-वीस वर्षं धरून चाला. हे मी तिला सांगितलं नाही, कारण आमच्या घरात आता शिशाचा विषय संपला होता.

सात महिन्यांनी तिचा फोन आला. मी संस्थेत होतो. यंत्राची दुरुस्ती चालूच होती आणि आम्ही सगळे जुन्या तक्त्यांची नव्यानं छपाई करत होतो. तिचा आवाज दबका होता, दाजी शेजारच्या खोलीत असावेत.

"धाकट्या, हात अजून थांबला नाही रे. उलट वाढलाय. तू खरं सांग, माझी शपथ आहे तुला. चोरून पितात ना?"

मी हातातला नवा तक्ता टेबलावर पालथा ठेवला.

"कमी तरी झालीय ना?"

"झालीय," मी म्हणालो.